किल्टच्या प्लीट्समध्ये टार्टनची नक्षी सरकते: ती का, आणि कुठून दुरुस्त करायची

किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, टार्टनचा, म्हणजे रंगीत चौकडीच्या कापडाचा, मागे प्लीट्स (चुण्या) घातलेला. तो हाताने शिवायला घेणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. पहिल्या पाच-सहा प्लीट्स झकास पडतात, नक्षी जुळते, हुरूप येतो. मागचा भाग निम्मा झाला की काहीतरी बिनसायला लागतं. बारीक पांढरी रेघ कुठे दोनदा दिसते, कुठे गायबच होते. आडव्या पट्ट्यांना पायऱ्या पडतात. सगळ्या प्लीट्स टाचून सीटचं, म्हणजे नितंबांच्या सगळ्यात भरलेल्या जागचं, माप घ्यावं, तर ते इंचभर जास्त भरतं. मग जिथे वाकडं दिसतंय तेवढंच उसवून ओढूनताणून बसवायचा मोह होतो, आणि काम आणखी बिघडतं. कारण दोष दिसतो त्या प्लीटमध्ये तो बहुधा झालेलाच नसतो. आधीच्या दहा-बारा प्लीट्समध्ये तो थोडा थोडा साठत आलेला असतो.

पुढचं सगळं स्कॉटलंडच्या नेहमीच्या आठ यार्डी किल्टबद्दल आहे. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट एप्रन, आणि मागे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकाच दिशेने दुमडलेल्या प्लीट्स. कापड लोकरीचं, तिरप्या विणीचं, गिरण्या ज्याला १३ किंवा १६ औंसी म्हणतात तसलं. खालची कड दुमडत नाहीत, कापडाचा काठच खाली येतो. प्लीट्स कंबरेपासून सीटपर्यंत हाताने तुरपलेल्या असतात, त्याखाली मोकळ्या. बॉक्स प्लीटच्या किल्टचं गणित वेगळं आहे, ते इथे नको.

आधी आकडेमोड

टार्टनची नक्षी ठरावीक अंतरानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या एका आवर्तनाला सेट म्हणतात. किल्टच्या कापडात तो साधारण पाच ते आठ इंचांचा असतो. प्लीट्स दोन तऱ्हांनी घालतात. सेटवर घातल्या तर प्रत्येक प्लीटवर नक्षीचा पुढचा तुकडा येतो आणि पाठीमागेही समोरच्यासारखी अखंड चौकट दिसते. रेघेवर घातल्या तर प्रत्येक प्लीटच्या मधोमध तीच ती रेघ येते. ही लष्करी धाटणी. गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या किल्टला मागे ओळीने पिवळ्या रेघा दिसायच्या त्या अशाच.

उदाहरण घेऊ. सीट ४० इंच, कंबर ३४, सेट ६ इंचांचा, सीटवर प्लीटची दिसणारी रुंदी पाऊण इंच. सीटचा निम्म्याहून किंचित जास्त वाटा प्लीट्सना द्यायचा, म्हणजे सुमारे २० इंच. २७ प्लीट्स घेतल्या तर सव्वावीस इंच होतात, उरलेले पावणेवीस एप्रनला. २८ का नाहीत? कारण संख्या सम असली की पाठीचा बरोबर मध्य दोन प्लीट्सच्या सांध्यावर येतो, आणि मधली ठळक रेघ घडीच्या कडेवर चिरली जाते. विषम संख्येत ती चौदाव्या प्लीटच्या मध्यावर बसते, आणि नक्षी दुतर्फा सारखी असेल तर डावी-उजवीकडे सारखीच पसरते. ही साधी गोष्ट कागदावरच ठरवून टाकायची. कापड दुमडायला लागल्यावर ती सुधारता येत नाही.

आता एका प्लीटला कापड किती? रेघेवर घालायच्या तर बरोबर एक सेट, ६ इंच. सेटवर घालायच्या तर एक सेट अधिक दिसणारी रुंदी, म्हणजे पावणेसात इंच, कारण आत एक अख्खा सेट दुमडला गेला तरच नक्षी जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते. २७ प्लीट्सना रेघेवर साडेचार यार्ड लागतात, सेटवर पाच यार्डांपेक्षा थोडं जास्त. बाकीचं एप्रनना आणि त्यांच्या शेजारच्या खोल घड्यांना.

कंबरेला याच २७ प्लीट्स १७ इंचांत बसवायच्या आहेत. सीटवर प्लीट सहा सूत, कंबरेला पाच सूत. म्हणजे वर जाताना प्रत्येक प्लीट एका सुताने अरुंद होते, इंचाच्या आठव्या भागाने. हा एक सूत पुढे परत भेटेल.

रेघ दोनदा दिसते किंवा हरवते

सेटवर घातलेल्या प्लीट्समधला हा सगळ्यात नेहमीचा दोष, आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी टेपमध्ये असतं. गणितात पावणेसात इंच आले, म्हणून शिवणारा कापडावर दर पावणेसात इंचाला खडूची खूण करत सुटतो. पण गिरणीतून आलेल्या कापडाचा सेट सगळीकडे सहाच इंच असेल असं नाही. विणताना ताण बदलतो, वाफेच्या इस्त्रीने कापड थोडं आवळतं. समजा सेट प्रत्यक्षात सहाला एक सूत कमी आहे. तुम्ही टेपने पावणेसात इंच पुढे गेलात, तर नक्षी सहा सुतांऐवजी सात सूत पुढे गेलेली असते. दिसतात मात्र सहाच. प्रत्येक सांध्याला नक्षीचा एक सूत गिळला जातो, आणि त्यात बारीक रेघ असेल तर ती गेलीच. उलट सेट सहापेक्षा एक सूत जास्त असला, तर तेवढाच तुकडा दोन प्लीट्सवर दोनदा दिसतो.

म्हणून निदान सोपं आहे. रेघ हरवत असेल तर कापडाचा सेट तुमच्या आकड्याहून लहान आहे, दोनदा दिसत असेल तर मोठा. हे एखाद्याच सांध्यावर घडत असेल तर तिथली घडी सरकली आहे, तेवढीच सुधारा. हळूहळू वाढत जात असेल तर खुणाच चुकीच्या पद्धतीने केल्या आहेत. पहिल्या प्लीटपासून सुरुवात करावी लागेल.

खुणा नक्षीवरूनच करायच्या. मी कागदाची पट्टी वापरते. कापडाचा एक सेट निवडायचा, पट्टी त्यावर ठेवून प्रत्येक रंगाची सीमा पेन्सिलने उतरवायची, आणि सेटचे आठ समान भाग करून त्यांना १ ते ८ आकडे द्यायचे (सहा इंचाला पाऊण इंच, म्हणून आठ). पहिल्या प्लीटवर भाग १ दिसणार, दुसरीवर भाग २, आणि असंच पुढे. दुसरी प्लीट मांडताना टेपकडे बघायचंच नाही. कापडावर पुढचा सेट शोधायचा, त्यातला भाग २ कुठे सुरू होतो ते पट्टीवरून पाहायचं, तो पांढऱ्या रेघेच्या डाव्या कडेपासून सुरू होत असेल तर त्या कडेचा पहिला पांढरा धागा पकडायचा, आणि घडी त्या धाग्यावर पाडायची. अगदी त्याच धाग्यावर, कंबरेच्या बाजूला आणि काठाच्या बाजूला दोन्हीकडे. सेट इकडे एक सूत कमी आणि तिकडे जास्त असला तरी आता फरक पडत नाही, कारण तो फरक आतल्या घडीत जिरतो, वर येत नाही.

तपासायची जागाही ठरलेली आहे. आठ प्लीट्समध्ये एक सेट पुरा होतो, म्हणून नववी प्लीट हुबेहूब पहिलीसारखी दिसली पाहिजे, दहावी दुसरीसारखी. नऊ प्लीट्स टाचून झाल्या की उरलेलं सपाट कापड उलटं न करता त्या प्लीट्सच्या वरच्या अंगाला आणून ठेवा. सीटच्या रेषेवर सपाट कापडाच्या उभ्या पट्ट्या आणि प्लीट्समधल्या पट्ट्या एका ओळीत आल्या पाहिजेत. आल्या तर पुढे चला. ही पडताळणी अठराव्या प्लीटला पुन्हा, आणि शेवटी एकदा. कंटाळवाणी आहे, पण अख्खी पाठ उसवण्यापेक्षा कमी.

नवशिक्यांना बरेच जण सेटवर घालायला सांगतात, कारण किल्ट म्हटला की डोळ्यासमोर तेच येतं. माझं मत उलटं आहे. पहिला किल्ट रेघेवर करावा. रेघ मध्यावरून केसभर हलली तरी शेजारच्या प्लीटशेजारी ती लगेच खुपते, आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते. सेटवरची चूक नववी प्लीट येईपर्यंत साळसूदपणे लपून राहते.

सीटचं माप जास्त किंवा कमी भरतं

प्रत्येक प्लीट एक मिलिमीटर जास्त रुंद पडली, तर २७ प्लीट्समध्ये २७ मिलिमीटर होतात, एक इंचाहून थोडे जास्त. एक मिलिमीटर म्हणजे जाड लोकरीच्या घडीला येणारी गोलाई. घडी नुसती टाचलेली असताना ती फुगीर असते, आणि माप घेताना त्या फुगवट्यावरून टेप जातो. म्हणून प्रत्येक घडी टाचण्याआधी ओल्या फडक्यावरून इस्त्रीने दाबून घ्यायची, आणि मगच रुंदी मोजायची. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची, दाबायची, उचलायची. सरकवली की तिरप्या विणीचं कापड बाजूला धावतं.

एकेक प्लीट वेगळी मोजूनही भागत नाही. दर चार प्लीट्सनंतर सुरुवातीच्या कडेपासून एकत्र माप घ्या: चारला तीन इंच, आठला सहा, बाराला नऊ. फरक तेव्हाच कळला तर पुढच्या दोन-तीन प्लीट्समध्ये एकेका धाग्याने तो भरून काढता येतो आणि कुणाच्या बापाला कळत नाही. शेवटी कळला, तर शेवटच्या दोन प्लीट्स अरुंद करून भागवायचा विचारही करू नका. किल्टच्या बाजूला, जिथे एप्रन संपतो, तिथेच त्या दिसतात.

एकत्र माप बरोबर आहे पण नक्षी सरकली आहे, किंवा नक्षी बरोबर आहे पण माप चुकतंय, असं झालं तर नक्षीला प्राधान्य द्या. माप एप्रनच्या बाजूने थोडं सांभाळता येतं, बकल-पट्ट्यांनीही थोडं. नक्षीला असा कोणी वाली नाही.

रेघ कंबरेकडे जाताना कलते

आता तो एक सूत. प्लीट वर अरुंद करायची म्हणजे घडीची कड आत दुमडायची. रेघेवर घातलेल्या प्लीट्समध्ये अख्खा सूत घडीच्याच बाजूने घेतला, तर मधली रेघ कंबरेला पोचेपर्यंत एका कडेला जाऊन टेकते. खालून पाहिलं तर सगळ्या रेघा वाऱ्याने झुकल्यासारख्या एकाच बाजूला कललेल्या. उपाय हा की अर्धा सूत घडीच्या कडेने आत घ्यायचा आणि अर्धा शेजारच्या प्लीटच्या कडेखाली झाकायचा. मग रेघ वरपर्यंत मध्यावर राहते.

तुरपण्याआधी कंबरेवरही प्रत्येक प्लीटचा मध्य टाचणीने धरून ठेवावा. सीटवर बरोबर आणि कंबरेला बरोबर असेल तर मधली रेषा आपोआप सरळ येते. पण अरुंद करायला सुरुवात सीटच्या रेषेवरच झाली पाहिजे. घाईघाईत काही जण वरच्या दोन-तीन इंचांतच सगळं आवळून घेतात, आणि कंबरेखाली पिशवीसारखा फुगवटा येतो.

सेटवर घातलेल्या किल्टमध्ये कंबरेकडे सहा इंचांचा सेट पाच इंचांत मावतो, म्हणजे सांध्यावरचं काहीतरी झाकलं जाणारच. तो दोष नाही. मात्र झाकलं जाणारं नेमकं काय, हे तुमच्या हातात आहे. बारीक उजळ रेघ भाग १ आणि भाग २ च्या सीमेवर येत असेल, तर सगळी पट्टी दोन-तीन सुतांनी पुढे ढकला, म्हणजे ती रेघ एखाद्या प्लीटच्या पोटात जाईल आणि झाकला जाईल तो गडद रंगाचा भाग. यासाठी कापडावर हात टाकण्याआधी कागदाच्या पट्टीवर अर्धा तास खेळावं.

आडव्या पट्ट्यांच्या पायऱ्या

उभ्या रेघांकडे इतकं लक्ष जातं की आडव्या पट्ट्या वाऱ्यावर सुटतात. एक प्लीट धागाभर वर, पुढची खाली, आणि पाठीवर जिना तयार.

प्रत्येक आडव्या पट्ट्याच्या सीमेवर एक टाचणी लावायची. वरच्या प्लीटच्या घडीच्या कडेतून, जिथे हिरवा संपून निळा लागतो त्या रेषेवर टोचलेली टाचणी, खालच्या प्लीटमध्येही हिरव्या-निळ्याच्या रेषेवरच शिरली पाहिजे. घडी जरा उचलून बघायचं. मग सीटपासून वर कंबरेकडे बारीक, जवळजवळ टाके घेत तुरपायचं. टाका घडीच्या कडेचे एक-दोन धागेच पकडतो, पण खालच्या प्लीटमध्ये नीट शिरतो. दोरा त्या जागच्या रंगाचा असेल तर टाका दिसत नाही. फार ओढलात तर मात्र शिलाई आखडते आणि आडवी रेघ प्रत्येक सांध्यावर किंचित वर चढते. टाचण्या बरोबर असूनही पायऱ्या येत असतील तर हाताच्या ओढीवर संशय घ्या.

आडवे धागे जुळले की खालचा काठ आपोआप एका ओळीत येतो, कारण धागा तोच असतो. म्हणून काठ वर-खाली दिसत असेल तर काठ सरळ करत बसू नका, वरती कुठला पट्टा चुकला ते शोधा.

कापड मुळातच तिरकं असलं, म्हणजे आडवा धागा उभ्याला काटकोनात नसला, तर गोष्ट वेगळी. थोडा तिरकेपणा वाफ देऊन आणि हलकं ओढून सरळ होतो. जास्त असेल तर कापड परत करावं. कापायच्या आधी.

आणि उजेड. ब्लॅक वॉचसारख्या टार्टनमध्ये गडद निळा आणि काळा पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात. एडिंबरात डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. अशा दिवसांत नक्षी जुळवायचं काम सकाळी करावं, संध्याकाळी अस्तर, बकलं असली कामं काढावी.

खाली प्लीट्स उघडतात

शिवलेल्या भागाखाली प्लीट्स नऊवारीच्या निऱ्यांसारख्या एकमेकींवर शांत पडून राहायला हव्यात. त्या फाकत असतील तर तीन गोष्टी बघा. पहिली, सीट घट्ट आहे का. माणूस किल्ट घालून उभा असताना प्लीट्स फाकतात आणि टेबलावर पसरल्यावर नीट बसतात, तर दोष प्लीट्सचा नाही, मापाचा आहे. दुसरी, शिवलेला भाग संपतो कुठे. तो सीटच्या सगळ्यात भरलेल्या जागी संपायला हवा. चोवीस इंच लांबीच्या किल्टमध्ये हा भाग साधारण एक तृतीयांश, आठ इंचांच्या आसपास असतो, पण माणसागणिक बदलतो. तिसरी, घडी एकाच उभ्या धाग्यावर आहे का. सीटपासून काठापर्यंत घडीने धागा सोडला की प्लीट तिरकी लटकते, मग कितीही इस्त्री करा.

आतून आधारही लागतो. सगळ्या प्लीट्सच्या आतल्या थरांना शिवलेल्या भागात एक आडवी टीप घालतात, म्हणजे आतल्या कापडाचा भार वरच्या नाजूक तुरपाईवर येत नाही. मग आतलं वरचं जादा कापड कापून काढतात, आणि त्यावर कॅनव्हास, त्यावर अस्तर. ही टीप गाळली की काही महिन्यांत प्लीट्स आतून ओघळतात. जादा कापड कापताना मात्र शिवलेल्या भागाच्या शेवटापर्यंत खाली जाऊ नये, आधाराची टीपच हाती येईल.

जोड आणि एकतर्फी नक्षी

आठ यार्ड सलग न घेता पुष्कळ जण दुहेरी पन्ह्याचं चार यार्ड कापड घेऊन मधोमध उभं कापतात आणि दोन तुकडे जोडतात. दोन्ही तुकड्यांचा काठ खाली यायला हवा, म्हणून एक तुकडा फिरवून लावावा लागतो. इथे दोन सापळे आहेत. दोन्ही काठांपासून पहिली ठळक रेघ सारख्याच अंतरावर आहे का, हे कात्री लावण्याआधी बघा. नसेल तर जोडानंतर सगळ्या आडव्या पट्ट्या एका उंचीवर येणार नाहीत. दुसरं, नक्षी दुतर्फा सारखी हवी. बुकॅननसारख्या टार्टनमध्ये रंगांचा क्रम डावीकडून वाचला तर एक आणि उजवीकडून वाचला तर दुसरा, म्हणून फिरवलेल्या तुकड्यात क्रम उलटा होतो. अशा टार्टनला एकेरी पन्ह्याचं सलग कापडच घ्यावं, आणि पाठीच्या मध्यावर आरशासारखी नक्षी येईल ही अपेक्षा सोडावी.

जोड स्वतः प्लीटच्या आतल्या घडीत, खोल दडवायचा. तिथेही सेट पुरा झाला पाहिजे. जोडाच्या प्लीटमध्ये आत सेट अपुरा राहिला, तर त्यापुढच्या सगळ्या प्लीट्स सरकतात, आणि मग माणूस कागदाच्या पट्टीला दोष देत बसतो.

पुण्या-मुंबईत बसून सराव करायचा असेल तर लोकरीचं महाग कापड मागवण्याआधी शाळेच्या गणवेशाचं चौकडीचं कापड घ्या. स्वस्त असतं, मोठ्या चौकडीचं मिळालं तर उत्तम. ते पातळ असल्याने घडी लोकरीसारखी बसणार नाही, उभी आणि आडवी चौकट सारखी असेलच असंही नाही, पण नऊ प्लीट्स टाचून पहिलीशी नववी जुळते का, एवढं त्यावर पक्कं शिकता येतं.

उसवायची वेळ आलीच तर आधी तुरपाई उसवा, प्लीट्स जागेवर धरायला काठाजवळ आणि मध्ये घातलेला कच्चा धागा तसाच राहू द्या. तो धरून असेल तर वरची दोन-चार प्लीट्स हलवताना बाकीच्या जागा सोडत नाहीत. जुन्या घडीची खूण ओल्या फडक्यावरून वाफ दिली की बरीचशी जाते. किल्ट पुरा झाल्यावरही कच्चा धागा शेवटची इस्त्री होऊन कापड पूर्ण थंड होईपर्यंत काढायचा नाही.